गोखरूचा काढा

हे मी बायकोलाही सांगितलेलं नाही. ती माझ्याच दवाखान्याच्या मेडिकलमध्ये बसायची, म्हणजे सांगायला लांब जायचं नव्हतं, तरी नाही. तुम्हाला का सांगतोय? तुम्ही जालन्याचे नाही, गयाबाईला ओळखत नाही, म्हणून असेल. भित्रा माणूस असाच आडोसा शोधतो.

मी फिजिशियन. जिल्ह्यात नाव बऱ्यापैकी होतं. रविवारी सकाळी मी नव्या डॉक्टरांचा वर्ग घ्यायचो, फुकट. पुढच्या परीक्षेला बसणारी पोरं-पोरी यायची आणि आम्ही उजळणी करायचो — जंतुसंसर्ग, औषधं, रक्ताच्या गुठळ्या, हृदयाचे बिघडलेले ठोके. मला सगळं तोंडपाठ. सर म्हणजे चालतं-बोलतं पुस्तक, असं पोरं म्हणायची. आवडायचं मला ते — का नाही आवडणार?

त्या वर्गात एक केस मी हमखास सांगायचो. एका बाईच्या हृदयाची झडप बदललेली. ठोके अनियमित. गुठळी होऊ नये म्हणून रक्त पातळ ठेवणारी गोळी कायमची. तिला लघवीला जळजळ सुरू होते. डॉक्टर जंतूंवरची एक साधी, स्वस्त गोळी लिहून देतो. ही दुसरी गोळी पहिलीचा जोर वाढवते, रक्त नको तेवढं पातळ होतं आणि मेंदूत रक्तस्राव होतो. 'चुकलं कुठं?' मी विचारायचो. पोरं बरोबर सांगायची. मग मी म्हणायचो, 'अंबडच्या एका महाभागानं केलंय हे. आधीची औषधं कोणती, एवढंही विचारलं नाही.' पोरं हसायची. मीही हसायचो.

अंबडला असा कुणी डॉक्टर नव्हता. ते औषध मी दिलं होतं.

आणि मला तर विचारायचीही गरज नव्हती! शोभा माझीच पेशंट. राजूरजवळच्या खेड्यातली, दोन लेकरांची आई. ऑपरेशन मुंबईला झालेलं, पण रक्त पातळ करणारी गोळी दर महिन्याला मीच लिहून देत होतो. त्या दिवशी गर्दी होती म्हणू? गर्दी रोजच असायची. मी मान वर न करता लिहिलं, एवढंच खरं आहे.

आठवड्याभरानं तिला जीपमध्ये आडवी घालून आणली. बेशुद्ध, हिरड्यांतून रक्त. सोबत नवरा आणि सासू गयाबाई. सासूच्या पिशवीत मी लिहून दिलेल्या जंतूंवरच्या गोळ्यांची पट्टी होती. ती पाहिली आणि मला सगळं कळलं. तिला औरंगाबादला पाठवायची घाई चालली होती, आणि तेवढ्यातही — हेच सांगायला जड जातंय — तेवढ्यातही मी विचारलं, घरचं काही दिलं होतं का?

गयाबाई साधी बाई. लपवायचं कशाला, म्हणून सांगून मोकळी झाली. "उन्हाळी लागल्ती ना तिला, लघवीला आग व्हायची, मंग गोखरूचा काढा दिल्ता. आमी समदेच घेतो, डॉक्टरसाब."

मी नवऱ्याकडे बघून म्हणालो, "म्हणूनच."

एकच शब्द. वड्याचं तेल वांग्यावर काढायला एवढं पुरतं. गोळ्यांची पट्टी मी खिशात टाकली. शोभा वाटेतच गेली.

गावात कुणाचं पोट दुखलं, लेकरू रडायला लागलं, की लोक गयाबाईच्या दारात यायचे. ते यायचे थांबले. मुलानं चूल वेगळी केली. आईच्या हातचा चहासुद्धा बंद. पुढे ती बीपीसाठी माझ्याकडेच यायची आणि विचारायची, "जिऱ्याचं पाणी घिऊ का, डॉक्टरसाब? का त्यानं काही व्हईल?" एकदा हात जोडून म्हणाली, "तुमी तवा पोलिसात न्हाई कळवलं, लई उपकार झाले." मी म्हणालो, असू द्या. हो, असंच म्हणालो.

तुम्ही म्हणाल, घाबरला असेल माणूस. मीही बरीच वर्षं स्वतःला तेच सांगत होतो. पण एका रविवारी वर्गात एक नवीन मुलगी आली. माझी ती ठरलेली केस ऐकली आणि उभी राहिली. "सर, आमच्या गावात बराबर अशीच एक बाई गेली. झडपेचीच पेशंट. सासूनं काढा दिल्ता म्हणून, असं समदे म्हणतात. तिचा मुलगा अजून तिच्याशी बोलत न्हाई. सर, तिलापण गोळीनंच झालं असंल का?"

बघा — आता कशाची भीती होती? समोर चहा होता, पंखा चालू होता, पोरगी विश्वासानं माझ्याकडे बघत होती. नुसतं 'असेल' म्हटलं असतं तरी ती गावी जाऊन बोलली असती. गयाबाई तेव्हा जिवंत होती. त्याच आठवड्यात गोळ्या घेऊन गेली होती.

मी म्हणालो, "खेड्यातल्या काढ्यात काय काय घालतात, कुणास ठाऊक."

"हो सर," म्हणून ती खाली बसली. मी पुढचा प्रश्न घेतला.

गयाबाई त्यानंतरही बरीच वर्षं जगली, वेगळ्या चुलीवर, एकटी. खरं सांगायला ती सगळी वर्षं माझ्या हातात होती. मी सांगितलं नाही.