दोघांत मिळून एक पेशंट

कंपाउंडरकडे किस्से फार साचतात, बापा! डॉक्टर रजिस्टरात रोग लिहितात, औषध लिहितात. माणूस काय बोलला, त्याला रकानाच नसतो. ते आमच्या डोक्यात राहतं. वऱ्हाड मध्यप्रांतात होतं तेव्हाचं हे.

अकोल्याच्या दवाखान्यात आमचे डॉक्टर म्हाताऱ्या पेशंटला आधी विहिरीपर्यंत चालून यायला सांगायचे. मग विचारायचे, "सकाळी काय जेवलात?" बाळापूरचे एक आजोबा तरातरा चालून आले. पण जेवणाचं विचारताच म्हणाले, "थे सुनेले विचारा! थे म्हन्ते जेवलो, मी म्हन्तो उपाशी हाय!" सगळा व्हरांडा हसला. सून तेवढी पदरानं डोळे पुसत होती.

मी डॉक्टरांना विचारलं, "हे कशाला पाहता?"

"नुसते पाय गेले तर घरचे उचलतात. नुसती आठवण गेली तर पाय हिंडवतात. दोन्ही गेलं, की माझ्या औषधाच्या हाती फारसं उरत नाही."

पुढे डॉक्टरांची बदली अमरावतीला झाली. मीही मागोमाग आलो. तिथं तुळशीरामबुवा आणि भागीरथीबाई यायचे. फुलांचा मळा होता त्यांचा. बुवांचे गुडघे पार गेलेले. गाडीवान त्यांना उचलून आत आणायचा. बाई ठणठणीत चालायच्या, पण त्यांना काल-आजचं काही आठवत नसे. त्यांचं सगळं बुवा सांगायचे, बुवांचं सगळं त्या उठून करायच्या. एकदा तपासणीला आलेल्या गोऱ्या साहेबानं विचारलं, "यातला पेशंट कोण?" डॉक्टरांनी मराठीत सांगितलं तेव्हा बुवा म्हणाले, "दोघांत मिळून एक हाय, सायेब. एकच नाव लिवा!"

एकदा बाई बाजारातच हरवल्या. लोक नावानं हाका मारत हिंडले. हाकेला ओ देणार कोण? नाव त्यांना आठवतच नव्हतं! बुवा गाडीत बसून गल्लीगल्लीत ओरडत गेले, "झेंडूऽऽ घ्या झेंडूऽऽ!" एका ओट्यावरून बाई उठल्या आणि धावत आल्या. "काहून ओरडून राह्यले? टोपली कुठी हाय?"

त्याच बाई पुढं मळ्यात पाय घसरून पडल्या. खुबा मोडला. पायाला दोन्ही बाजूंनी वाळूच्या पिशव्या लावून दवाखान्यातल्या खाटेवर निजवलं. आठवण आधीच गेलेली, आता पायही गेले.

आठव्या दिवशी बाई गेल्या. बुवांचं डोकं एवढं शाबूत, पण त्यानंतर त्यांना वार आठवेना, मळ्यात काय लावलं ते आठवेना. डॉक्टर एकदा मळ्यात जाऊन पाहून आले. म्हणाले, "आता मला बोलावू नका, नातेवाइकांना बोलवा." दिवाळीचा झेंडू बुवांशिवाय बाजारात आला.

पण बाई जायच्या आदल्या दिवसाचं राहिलंच. बुवा रोजच्यासारखे खाटेशी बसले होते. मी औषध पाजत होतो. बाईंनी मला जवळ बोलावलं. "हा मानूस रोज येऊन बसते. भला दिसते. याचं लगन झालं का?"

मी बुवांकडे पाहिलं. बुवाच म्हणाले, "झालं. बायको लय चांगली भेटली."

"मंग इथं काहून बसून राह्यला बापा? घरी जा. थे वाट पाहून राह्यली असन."

"हो, जातो," बुवा म्हणाले.

बाहेर गाडी जुंपून तयार होती. बुवांनी खिडकीतून गाडीवानाला आवाज दिला, "बैल सोडून दे!"