बेसला टेकवलेली बॅट

ग्लोव्हच्या चामड्याला बुरशी धरू नये म्हणून खोबरेल चोळायला घेतलं, की त्या वासाने मला कॉलेजातली एक दुपार आठवते. कातळावरचं आमचं मैदान असं तापलं होतं की बुटांतूनही तळवे भाजत होते, आणि मांडवीच्या किनाऱ्याकडून येणाऱ्या वाऱ्याने लाल धूळ दातांत करकरत होती. बेसबॉलचा सामना, शेवटचा गडी मी, तिसऱ्या बेसवर आमचा एक गडी, आणि बरोबरीला एक धाव हवी. मी चेंडू टोलवला आणि पहिल्या बेसकडे धावत सुटलो, पण लहानपणापासून क्रिकेट खेळलेल्या हातातून बॅट काही सुटली नाही. क्रीजमध्ये टेकवावी तशी मी ती लांब करून बेसला टेकवली आणि पाय हातभर मागेच राहिला. बेसबॉलमध्ये बेसला पाय लागावा लागतो, बॅट लागून चालत नाही. मी बाद झालो, आम्ही हरलो. आता आम्हाला शिकवणारे सर ओरडणार म्हणून मान खाली घालून उभा होतो, तर त्यांनी स्वतःची शिट्टी काढून माझ्या गळ्यात घातली. "उद्यापासून नव्या पोरांचा सराव तू घे." मी विचारलं, "म्हणजे मी संघात नाय, सर?" "सकाळी सहाला ये," एवढंच बोलून ते स्कूटरकडे गेले. ती शिक्षा होती की विश्वास, मला कळलं नाही, पुन्हा विचारायचा धीरही झाला नाही, आणि शिकवता शिकवता मी कोचच होऊन बसलो. काल माझ्या संघातली एक मुलगी तशीच बॅट घेऊन धावली, बाद झाली आणि माझ्याकडे बघत राहिली. माझा हात शिट्टीवर गेला आणि तिथेच राहिला. त्या दुपारी सरांनाही काही सुचलं नसेल, हे तेव्हा पहिल्यांदा माझ्या मनात आलं.