कापसातला चिवडा

यंदा आमच्या घरचा फराळ दिवाळीच्या आधीच दिग्रसच्या जिनिंगला जाऊन आला.

तसा दोष माझ्या शिस्तीचा. घाटंजीजवळच्या आमच्या गावात लोक दिवे लावायच्या दिवशी वाती वळायला बसतात. शेजारची मंदा तर पाहुणे ओसरीवर टेकल्यावर बेसन दळायला धाडते! आणि आमचे हे? यांच्याबद्दल काय बोलायचं! बैलांची शिंगं रंगवायचा रंग यांनी पोळा फुटल्यावर आणला होता. (मग त्या रंगानं संडासाचं दार रंगवलं. अजून हिरवं आहे.) मी उठता-बसता कानीकपाळी ओरडायची, "अहो, कोनतंबी काम येळेच्या आंधी करत जा!" हे "हो" म्हणायचे आणि कूस बदलायचे.

गेल्या भाऊबीजेला माझी नणंद लता दिग्रसहून आली. तिचा नवरा तिथल्या एका जिनिंगवर, म्हणजे कापसातली सरकी काढायच्या कारखान्यावर, मुकादम आहे, पण बाईचा तोरा असा, की जिनिंग तिच्या सासऱ्यानंच बांधली! माझा फराळ यांनी आणि यांच्या रिकामटेकड्या दोस्तांनी दिवाळीआधीच फस्त केलेला, म्हणून मी दुकानातला चिवडा पुढे केला. एक घास खाऊन ती म्हणाली, "वहिनी, दुकानचा हाय ना? असू द्या, सगळ्यायले थोडीच जमते!" तेही मंदासमोर! लग्न झाल्यापासून माझ्या हातच्या कशालाही या बाईनं 'बरं' म्हटलेलं नाही. मी त्याच दिवशी ठरवलं, पुढच्या भाऊबीजेला हिच्या तोंडून 'छान' काढीन तरच नावाची!

म्हणून यंदा कोजागिरी उलटताच कढई चढवली. चिवडा आणि चकल्या करून दोन नवे कोरे स्टीलचे डबे भरले. (डब्यांवर नाव टाकायचं तेवढं राहिलं. टाकू की मागून, घाई काय!) आता लपवायचे कुठं? माळ्यावरचा डबा यांना वासावर सापडतो. पण बैठकीत छतापर्यंत कापूस भरला होता, आणि कापसात शिरलं की अंग खाजतं म्हणून हे तिकडं फिरकत नाहीत. मी डबे यांच्या जुन्या धोतरात ठेवले, भोवती कापूस कोंबला, गाठ मारली आणि ते गाठोडं ढिगात खोलवर सारून दिलं. मग गावभर सांगत सुटले, "माहा फराळ झाला बाई! तुमचं कसं?" मंदाचं तोंड पाहण्यासारखं झालं होतं.

धनतेरसच्या आधल्या दिवशी मी पणत्या आणायला घाटंजीला गेले. परत येऊन पाहते तर काय, बैठक झाडून लख्ख!

"अहो, कापूस कुठी गेला?"

"इकला!" हे छाती फुगवून म्हणाले. "व्यापाऱ्याचा टेम्पो आलता. दरसाल दिवाळी झाल्यावर इकतो, यंदा आंधीच इकून टाकला. तूच तं म्हनतं ना, येळेच्या आंधी करत जा!"

"अन् ते धोतराचं गाठोडं?"

"तेबी देल्लं. लय वजनदार होतं वं! हमाल म्हने, काकाजी, एक नंबर कापूस हाय तुमचा!"

जन्मभर या माणसानं माझं एक ऐकलं नाही, आणि ऐकलं ते नेमकं त्याच दिवशी! कपाळ बडवून घ्यावंसं वाटलं. पण बोलणार कुणाला? फराळ कापसात लपवला होता म्हटलं असतं, तर मंदा पुढच्या पोळ्यापर्यंत हसली असती. मुकाट्यानं दुकानातून चिवडा आणला, त्यात घरचा कढीपत्ता तळून टाकला आणि आपणच केल्यासारखं तोंड करून बसले.

भाऊबीजेला लता आली. एक घास खाल्ला आणि हसली.

"वहिनी, यंदाबी दुकानचाच?"

मी काही बोलायच्या आत तिनं पिशवीतून दोन डबे काढले. स्टीलचे, नवे कोरे, बिननावाचे.

"आमच्या यायले जिनिंगवर कापसाच्या गाठोड्यात सापडले! कितीक गावचा कापूस येते तिथं, कोनाचे हाय काय मालूम? भाऊ, तूच सांग, कापसात फराळ कोन ठेवत असंन?"

यांनी डब्यांकडे पाहिलं. मग माझ्याकडे पाहिलं. तोंड उघडणार, तोच मी यांच्या पायावर पाय दिला आणि घाईघाईनं म्हटलं, "असंन कोनी बिनडोक बाई! कापसात कोनी फराळ ठेवते का? अक्कल गहाण टाकली असंन मेलीनं!"

"बिनडोक असो नाई तं काही असो," लता चकली मोडत म्हणाली, "पन हात काय हाय तिचा! असा चिवडा मी जन्मात खाल्ला नाई. लय छान! घ्या, तुमीबी खाऊन पाहा वहिनी. शिका जराशा."

मी दाण्याला चिकटलेला कापूस काढला आणि माझाच चिवडा खाल्ला. खरंच छान झाला होता.

नणंदेच्या तोंडून 'छान' निघालं एकदाचं! पण ते घ्यायला पुढं व्हायचं, तर आधी त्या बिनडोक बाईची ओळख करून द्यावी लागली असती.