मशेरीचं बोट

राजसी जागी व्हायच्या आत कुंदा तिच्या अंगावरची चादर हळूच वर सरकवायची, वाकायची आणि लेकीचे गुडघे हुंगायची. मग कोपरं, मग तळहात. राजसी दुसरीत होती आणि तिचं कुठे ना कुठे काहीतरी सोललेलं असायचंच. जखम चिघळली की ती डोळ्यांआधी नाकाला कळते, असं कुंदाचं म्हणणं. तिचा नवरा संतोष कूस बदलत विचारायचा, "झालं का चेकिंग? पोलिसांनी तुला न्यायला पाहिजे, कुत्र्याचा खर्च वाचेल."

चादर नीट करून कुंदा हात धुवायला जायची.

तिचं माहेर अंबरनाथ पूर्वेचं. तिथे तिची आई रोज दाराबाहेरचा जिनासुद्धा फिनेलने पुसायची. लग्न होऊन कुंदा उल्हासनगरला, कॅम्प तीनमध्ये आली. खाली जीन्स शिवायचा कारखाना, वर घर. कापडाची निळी कणी उडून खिडकीच्या जाळीवर बसायची, वाळत घातलेल्या कपड्यांवर बसायची, झाकण विसरलं तर दुधावरही बसायची. संतोष जीन्स धुण्याच्या युनिटमध्ये कामाला होता. त्याच्या नखांच्या कडा कधी निळ्या, कधी तपकिरी. या सगळ्याची कुंदाला किळस यायची, पण ती किळस तिने हळूहळू गिळली. गिळता आलं नाही ते सासूबाईंचं बोट.

इंदुबाई बदलापूरच्या पलीकडच्या गावातल्या. सकाळी त्या जिन्याखालच्या उंबऱ्याशी बसून मशेरी लावायच्या. तव्यावर काळी भाजलेली तंबाखू उजव्या हाताच्या तर्जनीने हिरड्यांवर सावकाश चोळत राहायच्या, मधूनच गटारात पिंक टाकायच्या. त्या बोटाचं पेर नखासकट तपकिरी झालं होतं. तेच बोट पुढे आमटीची चव बघायला पातेल्यात जायचं. आणि पोर पडलं की तेच जखमेवर.

त्या शनिवारी गल्लीतलं गटार तुंबून वर आलं होतं. शाळेतून धावत येताना राजसी त्या निळसर पाण्यात घसरली आणि गुडघा फरशीच्या कडेवर घासला गेला. कुंदा वरून धावत खाली येईपर्यंत इंदुबाईंनी नातीला मांडीवर घेतलं होतं. तोंडातली ओली मशेरी बोटावर घेऊन त्यांनी ती जखमेत दाबून भरलीसुद्धा होती.

"आई, थुंकी आहे ती."

"माझी हाय, बाहेरच्याची नाय. रगत थांबला ना गो? तुझ्या नवऱ्याचं समदं आंग मी अशानंच भरलंय."

काळपट लगद्यातून रक्त झिरपत होतं, त्यात गटाराची रेती होती आणि सासूबाईंच्या लाळेची एक तार बोटापासून गुडघ्यापर्यंत लोंबत होती. कुंदाने राजसीला उचललं, मोरीत नेलं आणि पाण्याखाली धरून तो लगदा काढला. राजसी ओरडत होती. बाहेर इंदुबाई पुटपुटत होत्या, "मी जशी काय इख लावलंय."

दुसऱ्या दिवशी कुंदाने गुडघा हुंगला. कडवट तंबाखूचा वास अजून होता, की तिला तसा भास होत होता, ते तिचं तिलाच कळेना. जखमेच्या कडा जराशा लाल दिसत होत्या. तिने जखम पुन्हा धुतली, तरी वास जाईना. आत ते बोट अजून आहे, असंच तिला वाटत राहिलं.

"इतकं टेन्शन कशाला घेतेस?" संतोष म्हणाला. "आमच्याकडे पोटॅश आहे ना, जीन्सचा कलर उडवायला मारतात ते. लाल दवा. दवाखान्यातपण हेच असतं, सेम चीज."

संध्याकाळी त्याने कागदाच्या पुडीत जांभळे चमकदार खडे आणले. कुंदाला ते बघूनच बरं वाटलं. माहेरी आई पालेभाजी असल्याच पाण्यात बुडवायची. थुंकी नाही, तंबाखू नाही, वास नाही. इतकी स्वच्छ वस्तू या घरात तिने पहिल्यांदाच पाहिली असेल. आईचं पाणी फिकं गुलाबी असायचं, तेही तिला आठवलं. पण तिथे भाजी होती, इथे मशेरी होती. तिने वाटीभर पाण्यात चिमूटभर खडे टाकले, मग आणखी. पाणी वांग्याच्या सालीसारखं झालं. फडकं त्यात भिजवून तिने ते गुडघ्यावर घट्ट बांधलं.

"झोंबतंय," राजसी म्हणाली.

"झोंबणारच. घाण बाहेर येतेय."

सकाळी तिने फडकं सोडून हुंगलं. कसलाच वास नव्हता. क्षणभर ती जिंकली होती. मग तिने डोळे उघडून पाहिलं. जखमेभोवतीची कातडी तपकिरी, कोरडी, चामड्यासारखी झाली होती. राजसीला पाय वाकवता येत नव्हता. इंदुबाईंनी वाकून पाहिलं आणि पदर तोंडाला लावला.

दवाखान्यात त्याही बरोबर आल्या. डॉक्टरांनी गुडघा पाहिला, मग इंदुबाईंचे दात पाहिले.

"आजी, तंबाखू लावली ना? किती वेळा सांगायचं तुम्हा लोकांना?"

इंदुबाईंनी बोट मुठीत लपवलं. कुंदाला वाटलं, त्या आता आपलं नाव घेतील. त्या फक्त सुनेच्या हातांकडे बघत राहिल्या. म्हणून कुंदानेही पाहिलं. तिच्या बोटांची पेरं नखांसकट तपकिरी झाली होती. त्या जांभळ्या पाण्याचा तो रंग साबणाने, घासणीने, कशानेच गेला नव्हता. सकाळपासून त्याच हाताने तिने पीठ मळलं होतं, डबा भरला होता. तिच्या तोंडाला पाणी सुटलं, ओकारीच्या आधी सुटतं तसं.

"तंबाखू मी तेव्हाच धुतली होती," ती म्हणाली. "हे पोटॅश आहे. मी बांधलं. रात्रभर."

"जीन्सवालं?" डॉक्टरांनी सुस्कारा सोडला. "भाजलंय त्याने. वरवरचं आहे, भरून येईल. साधं पाणी, साबण आणि हे मलम. बाकी काही नाही. दोघींपैकी कुणीच काही लावायचं नाही."

येताना शेअर रिक्षात राजसी आजीच्या मांडीवर झोपली. कुंदा हात ओढणीखाली घेऊन बसली होती.

घरी आल्यावर तिने मोरीत बादली ठेवली, साबण ठेवला. राजसीने पाय पुढे केला आणि आईची बोटं पाहून मागे घेतला. इंदुबाई दाराशी उभ्या होत्या. आत यावं की नाही, त्यांना ठरवता येत नव्हतं. कुंदाने साबणाची वडी त्यांच्यापुढे धरली. स्वतःच्या बोटांकडे न बघता ती म्हणाली,

"आई, हात धुऊन घ्या. पाय तुम्ही धरा, मी पाणी ओतते."