सायकल सुनेला दे

"सायकल सुनेला दे. तू पाण्याच्या टेम्पोत बस."

काकू एवढंच बोलल्या. आवाज चढवला नाही. उलट हसून बोलल्या, घरच्या मुलीला 'ताटं उचल गं' म्हणावं तशा. पाडव्याची सकाळ होती. बरकतपुऱ्याच्या चौकातून मराठी मंडळाची सायकल फेरी निघायची होती. बायका नऊवारीत, पुरुष फेट्यात, पुढे ताशा. मीही नऊवारी नेसून, सायकल पुसून-बिसून, तारनाक्याहून अडिकमेटचा पूल चढून आले होते. आणि काकूंचा हात माझ्या हँडलवर होता.

मी एका लॅबसाठी घरोघर जाऊन रक्त घेते. वडील रेल्वेत रुळांवर काम करायचे, आता घरी असतात. मूळचे बिदरकडचे. माझ्या बरोबरीची मुलं स्कूटरवर हिंडतात, मी सायकलवर. काळी लेडीज सायकल. गिअर एकच, म्हणजे गिअर हा शब्दही तिला जड होईल. चेनकव्हर आहे, साडी-ओढणी अडकू नये म्हणून मागच्या चाकाला जाळी आहे, कॅरियरवर नमुन्यांचा बर्फाचा डबा. चढ आला की उभं राहून पायडल मारायचं. उतारावर पाय थांबवून बसायचं, वारा खायचा. दिवसभरात तेवढीच माझी सुट्टी.

काकूंच्या घरी मी काकांचं रक्त घ्यायला जायची. काकांना हृदयासाठी रक्त पातळ ठेवायच्या गोळ्या चालू होत्या, त्यामुळे तपासणी वरचेवर. जुनं वकिलांचं घराणं, आता मोठ्या फ्लॅटमध्ये. पहिल्या दिवशी मी मराठीत "मूठ घट्ट करा काका" म्हटलं आणि काकू स्वयंपाकघरातून धावत आल्या.

"अय्यो, मराठी आहेस होय? मग सांगायचं नाही का आधी?"

चहा आला. घरच्या कपात. मला फार बरं वाटलं. या शहरात दिवसभर तेलुगू आणि दख्खनी बोलून जीभ दमते. आपली भाषा कानावर पडली की माणूस वेडा होतो, समोरचं काही बघत नाही.

मग प्रश्न सुरू झाले. गाव कुठलं? तिथं कुणाच्या घराजवळ? कुलदैवत कोणतं? ताकाला जाऊन भांडं लपवणं चाललं होतं, मला कळत होतं. शेवटी भांडं बाहेर आलं. "आणि आडनाव?"

मी सांगितलं. इथं सांगणार नाही. तुम्हीही तेच शोधत असाल तर शोधत बसा.

काकू "बरं बरं" म्हणाल्या आणि आत गेल्या. पुढच्या वेळी चहा कागदी कपात आला. त्याच्या पुढच्या वेळी आलाच नाही. तोपर्यंत माझी सायकल खाली जिन्याखाली लागायची, कारण गल्लीत चोरीची भीती. एक दिवस वॉचमननं मला फाटकातच अडवलं. "अम्मा, सायकिल अंदर नक्को. फर्श खराब होता बोले मॅडम." बोलताना तो माझ्याकडे बघत नव्हता. मी सायकल गल्लीत गटाराच्या कडेला लावली, दोन कुलपं घातली आणि वर गेले.

वर दिवाणखान्यात, देवघराच्या भिंतीला लागून, त्यांच्या मुलाची सायकल टांगलेली होती. टायरसकट. तिच्या टायरांना रस्त्याची धूळ लागत नसावी.

तीही एकाच गिअरची. पण ती 'फिक्सी'. मागचं चाक आणि पायडल एकमेकांना जखडलेली. चाक फिरतंय तोवर पाय फिरलेच पाहिजेत, उतारावरसुद्धा. ना चेनकव्हर, ना मडगार्ड. मुलगा, विक्रम त्याचं नाव, आयटीत होता. रविवारी मित्रांबरोबर ती चालवायचा. मला एकदा कौतुकानं म्हणाला, "एकच गिअर ठेवला ना, की लाइफ सिंपल होते." माझी लाइफ जन्मापासून सिंपल होती, ती कुणी भिंतीला टांगली नव्हती. पण मी हसले. हसायची सवय होती.

मग त्यानंच फेरीचं काढलं. "तुम्ही रोज चालवता. आमच्या बायकांना जरा शिकवा ना. फेरीत तुम्ही पुढे राहा, विमेन रायडर्स म्हणून." मी हुरळले. घरी सांगितलं तर वडील म्हणाले, "आपण गुढी उभारत नाही. त्यांच्या पाडव्याशी तुझं काय गं?" मी म्हटलं, "पाडव्याशी नाही, सायकलशी आहे."

रोज काम संपलं की मी मैदानावर जायची. चाळिशी-पन्नाशीच्या बायका, गाड्यांतून येणाऱ्या. त्यांच्या सीटला मागून धरून मी धावले. त्या पडल्या तर मी आधी पडले. "सोडू नको गं ताई," म्हणून ओरडायच्या. मला ताई म्हणायच्या. काकूही एकदा बघायला आल्या आणि सगळ्यांसाठी आणलेलं सरबत मलाही स्टीलच्या पेल्यात दिलं. मला वाटलं, बदललं. एवढ्याशा पेल्यात मी केवढं वाचलं होतं, आता आठवलं की माझाच राग येतो.

पाडव्याला सगळ्यात पुढे विक्रम आणि त्याची बायको रिया, दोघं आपापल्या फिक्सीवर, असं ठरलं. त्यांच्यामागे मी. सराव सगळा ट्रॅकपँट घालून झालेला. नऊवारी आणि फिक्सी, ही जोडी जमेल का, हे एवढ्या शिकलेल्या मंडळात कुणाच्या डोक्यात आलं नाही. मलाही कुणी विचारलं नाही. रिया बसली, चार पायडल मारली, आणि साडीचा काठ चेनमध्ये गेला. कुणीही करील तेच तिनं केलं, पाय थांबवले. पण ते पायडल थांबतात कुठे. चाकानं तिचा पाय पुढे ओढला, साडी आणखी आत गेली आणि ती कडेला कोसळली. गुडघा फुटला. विक्रमनं चाक उलटं फिरवून फिरवून काठ सोडवला. सगळा काळा, तेलकट. पोरगी रडायला आली होती, मला तिची कीव आली.

मग सगळ्यांचे डोळे हळूहळू माझ्या चेनकव्हरकडे वळले. आणि काकू म्हणाल्या ते म्हणाल्या.

"आणि मी?" मी विचारलं.

"तू रोजच चालवतेस की. आज बस जरा आरामात. फोटोत साधी सायकल छान दिसेल."

सायकल छान दिसेल. सायकल. मी विक्रमकडे बघितलं. तो मोबाइलमध्ये काहीतरी शोधत होता. ज्यांच्यामागे मी धावले होते त्या बायका पदर सारखे करत होत्या. कुणी ताई म्हटलं नाही.

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. पण आवाज शांत आला, मलाच नवल वाटलं.

"काकू, हात काढा."

"अगं, सणाच्या दिवशी वाद नको. आपली म्हणून हक्कानं मागितली."

"आपली असते तर माझी सायकल गल्लीत लावायला सांगितली नसतीत. ही सायकल जाईल तर माझ्यासकट जाईल. पुढे. नाहीतर जाणार नाही."

मागून एक फेटेवाले गृहस्थ शेजाऱ्याला म्हणाले, "यांना जवळ केलं की असंच होतं."

मी वळले. "यांना म्हणजे कुणाला? आता नाव घेऊन बोला. सगळ्यांना ऐकू येऊ द्या."

ते फेटा सारखा करू लागले. असली माणसं शेजाऱ्याच्या कानाशीच शूर असतात. रियानं मात्र माझ्याकडे बघून होकारार्थी मान हलवली आणि बाजूला झाली. काकूंचा हात हँडलवर तसाच. मी त्यांची बोटं एकेक करून सोडवली. त्यांनी हात असा मागे घेतला, जणू चटका बसला. तो चटका कसला, हे आम्हा दोघींनाही माहीत होतं.

"मग नीघ इथून," त्या म्हणाल्या.

मी निघाले. पण मागे वळून नाही. पुढे. ताशेवाल्यांच्या शेजारून, काचीगुड्याच्या रस्त्यानं. पहिली सायकल हलली म्हणजे फेरी निघाली, असं ताशेवाल्यांना वाटलं. त्यांनी दणक्यात ताशा धरला आणि माझ्यामागे चालू लागले. चौकातल्या पोलिसानं बसेस थांबवून मला हात केला. मागे मंडळाची माणसं "अरे थांबा, रुको" ओरडत होती, ताशात कुणाला काय ऐकू येणार? मी पाय थांबवले नाहीत. माणसं गच्चीतून बघत होती. कुणी मला आडनाव विचारलं नाही. आयुष्यात पहिल्यांदा माझ्यासाठी वाजत होतं, चुकून का होईना, आणि मला जराही लाज वाटत नव्हती.

दुसऱ्या दिवशी लॅबमध्ये तक्रार. पेशंटच्या घरच्यांशी उद्धट वागणूक. आमचे मॅनेजर, वाईट नाहीत माणूस म्हणून, तेलुगूत म्हणाले, "सॉरी चेप्पु अम्मा, अयिपोतुंदि." सॉरी म्हण, संपेल.

"चेप्पनु," मी म्हटलं. म्हणणार नाही.

त्यांनी मला बरकतपुऱ्यावरून काढून दिलसुखनगरला टाकलं. लांब पडतं, धूर खावा लागतो. खाते. पण मध्ये काकांनी लॅबला फोन केला. त्यांना माझ्या हाताची सवय, दुसरा कुणी नको. मॅनेजर खूश होऊन आले. बरकतपुरा परत मिळेल, काकूंची अट एकच. आधी माफी. नाही ऐकलंस तर तुझी नोकरी मी वाचवू शकत नाही, असंही म्हणाले.

काकांचं माझ्याशी वाकडं नाही. पण काकूंनी माझी सायकल फाटकाबाहेर काढली तेव्हा काका घरातच खुर्चीत बसून होते, मूठ घट्ट करून. ते रोज सकाळी फिरायला जातात, चांगले चालतात. त्यांनी लॅबमध्ये यावं. बाकावर बसावं, सगळ्यांसारखं. नंबर लागला की मी त्यांचं रक्त नीट घेईन, कुठं दुखणार नाही असं घेईन. काम गेलं तर दुसरं शोधीन. माफी मागणार नाही, आणि माझी सायकल त्या गल्लीत पुन्हा लावणार नाही.