चप्पल घालून खापरावर

ताईबाईच्या उजव्या पायाच्या अंगठ्याचं नख काढलं, तेव्हा पारोळ्यात बातमी पसरली ती ताईबाईचा पाय कापल्याची. मागच्या गल्लीतली एक बाई तर पदर डोळ्यांना लावतच घरात शिरली. खाटेवर दोन्ही पाय जागच्या जागी दिसले, तशी ती थोडी हिरमुसली आणि चहा न घेता गेली.

ताईबाई मांडे करते. चुलीवर मातीचं खापर पालथं घालायचं, खाली जाळ करायचा आणि हातांवर झेलत झेलत रुमालासारखी पसरलेली पुरणपोळी त्यावर अंथरायची. खानदेशात लग्न असो की अखाजी, म्हणजे अक्षय्य तृतीया, या पोळीशिवाय पंगत उठत नाही. सगळ्यांना ती खायला हवी असते आणि हातावर झेलता येणाऱ्या बाया मोजक्याच उरल्या आहेत. त्यामुळे जळगावपासून धुळ्यापर्यंत ताईबाईला बोलावणी असतात. ती लग्नघरी आदल्या दिवशी पोहोचते, पीठ स्वतः गाळते, जाळासाठी कोणतं लाकूड आहे ते बघते आणि मगच चहा घेते.

नखाचं दुखणं खापरानंच दिलं होतं. टेम्पोतून उतरवताना एक खापर हातातून सटकलं आणि थेट अंगठ्यावर आलं. खापर वाचलं. नख काळं पडलं, मग वाकडं वाढलं आणि एका कडेनं मांसात घुसलं. दर लग्नाआधी ती ब्लेडनं त्याचा कोपरा खोल कोरून काढायची. नख पुढच्या वेळी आणखी खोल शिरायचं. अखेर तिनं घरचा उपाय केला. बिब्बा तापवून त्याचं तेल अंगठ्यावर लावलं. दुखणं जिरेल अशी तिची खात्री होती. सकाळी अंगठा वांग्यासारखा सुजला होता आणि भोवतीची कातडी सोलून निघाली होती.

जळगावच्या डॉक्टरीणबाईंनी अंगठा उजेडात धरून पाहिला.

"बिब्बा कोणी लावला?"

"मीच."

"कशासाठी?"

"जिरी जाई म्हनीसन."

"नख जिरत नसतं, बाई. आणि हे जे भाजलंय ते नखानं नाही भाजलेलं."

अंगठ्याच्या बुडाशी दोन्ही बाजूंनी इंजेक्शनं दिली. तेवढ्यातच काय ते दुखलं. नख स्टीलच्या तबकात पडलं तेव्हा ताईबाईनं मान उंचावून पाहिलं. चिंचोक्याच्या टरफलाएवढी वस्तू. याच्यासाठी आपण रात्र रात्र जागलो, याचा तिला रागच आला.

पट्टी बांधून झाल्यावर तिनं विचारलं, "मांडे कव्हय करता येतीन?"

डॉक्टरीणबाईंनी काम समजून घेतलं. किती वेळ बसावं लागतं, पाय कुठे असतो, चूल किती लांब. उजवा पाय चुलीच्या तोंडाशी पसरलेला असतो हे ऐकल्यावर त्यांनी पेन खाली ठेवलं.

"जखम सुकली की करा. पण चप्पल घालून. जाड तळाची, पुढून अंगठा झाकणारी. राख, निखारा, पाणी, तिन्ही लागता कामा नये. नख पुरतं यायला वर्ष जाईल."

"म्याडम, चूलपाशी चप्पल नही चालत."

"मग मांडे चालणार नाहीत."



घरी आल्यावर कळलं की अंगठा हा घरातल्या प्रत्येक वस्तूच्या वाटेत असतो. उंबरा, खाटेचा पाय, डब्याचं झाकण, शेजारणीची शेळी. गोधडीचा भारही सोसवेना, म्हणून पाय पिठाच्या रिकाम्या डब्यावर ठेवून उघडाच टाकावा लागे. अंघोळीला पायाला प्लॅस्टिकची पिशवी बांधून तो पालथ्या बादलीवर चढवायचा आणि उरलेल्या बाईनं खाली भिजायचं. पट्टी बदलताना आतलं कापड चिकटून बसे. नवरा जीवराम मिठाचं कोमट पाणी थेंब थेंब सोडत ते सोडवी आणि स्वतःच तोंड वाकडं करी.

"अंगठा मना शे," ताईबाई म्हणे, "तोंड कसाले वाकडं करतस तुमी?"

जीवरामचं आयुष्य मार्केट यार्डात पोती तोलण्यात गेलं होतं. आता तो घरीच असे, आणि बायकोनंही घरीच असावं असं त्याला वाटू लागलं होतं. हे तो आधीही बोले. अंगठ्यानं त्याला कारण पुरवलं.

"बस व्हयनं आते. वच्छला करीच ऱ्हायनी."

वच्छलाबाई ही ताईबाईच्या हाताखालची. वर्षानुवर्षं पुरण भरून द्यायची, कणकेचे उंडे करून द्यायची. ताईबाई खाटेवर पडल्यावर ठरलेली लग्नं तिनं काढली. ती कशी झाली, हे सांगायला गल्लीतल्या बाया आपण होऊन येत.

"चांगला करस वं वच्छला. तुनासारखाच."

ताईबाईनं एक मांडा मागवून घेतला, उजेडाकडे धरला, तोडून खाल्ला. कडेला जाड नव्हता, पुरण कुठे सरकलेलं नव्हतं. चांगलाच होता. वाईट असता तर ताईबाई निवांत झोपली असती.

त्या दिवसापासून तिनं चालायला सुरुवात केली. जीवरामनं जळगावहून निळी, पट्ट्याची, पुढून बंद अशी चप्पल आणली होती. ती घालून ती टाचेवर भार देत गल्लीच्या टोकापर्यंत जायची आणि यायची. ओट्यावरच्या बायांना विषय मिळाला.

"ताईबाई, विमानमा बठाले चालनी का?"

"हा. तुले लई जासू, पन खिडकीपाशी मी बठसू."

अवघड गोष्ट वेगळीच निघाली. तिनं घरच्या चुलीपाशी बसायचा सराव सुरू केला. स्वयंपाकघराच्या उंबऱ्यापाशी आली की पाय आपोआप चपलेतून निघायचे. डोक्याला माहीत होतं, पायांना नव्हतं. सून म्हणून आली तेव्हापासून त्या पायांनी चुलीपुढे कधी पायताण नेलं नव्हतं. चुलीला रोज हळदकुंकू वाहणारी बाई ती. पहिल्यांदा चप्पल घालून बसली तेव्हा तिला आपण उघड्या अंगानं बसलो आहोत असं वाटलं. उठून बाहेर आली. मग पुन्हा गेली, पट्टा घट्ट ओढला आणि भाकरी टाकली. भाकरी फुगली. तिनं ती वळून वळून पाहिली. काही वेगळं दिसेना.

"चूल काही बोलनी का?" जीवरामनं दारातून विचारलं.

"चूल नही बोलत. तुमी बोलतस."

धुळ्याच्या अलीकडच्या एका गावातल्या बन्सीलाल यांच्या मुलीचं लग्न दुखण्याआधीच ठरलेलं होतं. घर मोठं, भावकी मोठी, पंगत त्याहून मोठी. बन्सीलालांचा फोन आला, "ताईबाई, येशी ना? नहीतं वच्छलाबाईले सांगस." ताईबाईनं सांगितलं, दोघी येतो. फोन ठेवल्यावर ती वच्छलाबाईला म्हणाली, "खापरवर मी बठसू."

"बठ ना," वच्छलाबाई म्हणाली. पण एक श्वास थांबून म्हणाली, आणि तो थांबलेला श्वास ताईबाईनं बरोबर ऐकला.

लग्नघरी मांडवामागे मोठी चूल घातली होती. सारवण झालं होतं, हळदकुंकू वाहिलं होतं, नारळ फुटला होता. खापर चढलं, जाळ लागला. ताईबाई पाटावर बसली, उजवा पाय पसरला, आणि निळी चप्पल थेट चुलीच्या तोंडाशी आली.

बन्सीलालांची आत्या पार्वताबाई, सारं गाव जिला अक्का म्हणतं ती, तिथे खुर्ची टाकून बसली होती. या घरातल्या प्रत्येक लग्नाची चूल तिनं राखली होती.

"पायतन काढ वं बाई."

"नही निंघाव, अक्का. नख काढेल शे."

"नख काढेल शे, पाय तं शे ना?"

बाया हसल्या.

"पाय शे म्हनीसनच जपस मी."

"चूल पूजेल शे. मना देखता आठे कोनी चप्पल लयनं नही. एक नख ते काय, इतलं कवतिक?"

"अक्का, निखारा उडना तं तो मना आंगठावर पडी, तुमना नही."

अक्का खुर्चीतून उठली नाही, आवाजही चढवला नाही. "तुले जमत नही तं ऊठ. वच्छला बठी."

सगळ्यांनी वच्छलाबाईकडे पाहिलं. ती हातात उंडा घेऊन उभी होती. तिनं ताईबाईकडे पाहिलं, चुलीकडे पाहिलं, मांडवाकडे पाहिलं. तिकडे पत्रावळी वाटायला सुरुवात झाली होती. मग तिनं चपला मांडवाच्या कडेला काढल्या आणि पाटापाशी येऊन उभी राहिली. ताईबाईला उठावं लागलं.

एवढ्यावर तिला सावलीत खुर्ची मिळाली असती, चहा मिळाला असता. कोणीतरी पाण्याचा तांब्या पुढे केलासुद्धा. तिनं तो घेतला नाही. ती बन्सीलालांना शोधत गेली.

"भाऊ, इटा शेतस का?"

"इटा? कसाले?"

"शेतस का नही ते सांगा."

गुरांच्या गोठ्यापलीकडे, नवीन खोलीच्या बांधकामाच्या विटा रचून ठेवलेल्या होत्या. जादा खापर टेम्पोत होतंच. ऐन जाळावर खापर तडकतं म्हणून ताईबाई एक नेहमी जादा ठेवते. जीवराम सोबत आला होता, तो तिला घरी परत नेण्यासाठी. त्यानं एकदा बायकोच्या तोंडाकडे पाहिलं आणि विटा उचलायला लागला. ना सारवण, ना रांगोळी, ना कुंकू. तीन बाजूंनी विटा, वर खापर, खाली जाळ. पीठ आणि पुरण जवळ घेऊन ताईबाई बाजूच्या एका पोत्यावर बसली आणि पाय पसरला.

धूर दिसला तशी अक्का काठी टेकत आली.

"हाई काय?"

"चूल शे."

"बिगर पूजानी?"

"हा. तिले कोनी कुंकू लावानं नही. बिगर पूजानी चूलले चप्पलना काय इटाळ, अक्का? निवदना मांडा तठे व्हतीन. पंगतना आठे."

अक्कानं विचार केला. तिच्या आजवरच्या हिशेबात अशी चूल नव्हती. चूल म्हटली की पूजा आलीच. पूजा न झालेल्या चुलीवर लग्नाचा स्वयंपाक करायचा निर्लज्जपणा कोणी केलाच नव्हता, त्यामुळे त्याच्याविरुद्ध बोलायला नियमही नव्हता.

"आठला मांडा खाई कोन?" ती शेवटी म्हणाली, आणि वाढप्यांना बजावून गेली, की ताटात फक्त मांडवामागच्या चुलीचे जातील.

पहिली पंगत बसली. आमरस वाढला, रशी, म्हणजे कटाची आमटी, वाढली, आणि मांडे अडले. वच्छलाबाई घामानं न्हाली होती, हात थांबत नव्हते, पण एका खापरावर एका वेळी एकच पोळी मावते. अर्ध्या पंगतीच्या पत्रावळीवर रस पसरत चालला होता. नवरदेवाकडची मंडळी एकमेकांकडे पाहू लागली. एकानं मोठ्यानं विचारलं, "यजमान, पोळी धुळ्याहून यायची आहे का?"

बन्सीलाल उठले. गोठ्यापलीकडे गेले. तिथे परातीत घडी घातलेले मांडे रचून ठेवलेले होते आणि ताईबाई पुढचा हातावर झेलत होती. त्यांनी परात स्वतः उचलली, अक्काच्या खुर्चीसमोरून नेली आणि स्वतःच्या हातानं वाढली. अक्का पाहत राहिली. कोणी विचारलं नाही की हा कुठल्या चुलीचा. पंगत जेवली, दुसरी बसली, ती जेवली.

अक्का जेवायला बसली ती शेवटी. मांडा वच्छलाबाईच्या खापरावरचा आहे ना, हे तिनं दोनदा विचारून घेतलं. ताईबाईनं ते ऐकलं. तिला त्याचं वाईट वाटलं नाही. तिनं स्वतः आपला हेका सोडला नव्हता, मग अक्कानं तिचा सोडावा असं म्हणायचं काही कारण नव्हतं.

निघताना अक्कानं तिला हाक मारली. "नख उनं का ये. तव्हय उघडा पायनी बठजो."

"नख उनं तरी चप्पल घालसू, अक्का."

"कसाले?"

"दुसरं नख काढानं नही माले."

परतीच्या टेम्पोत जीवराम पुढे बसला होता; मागे खापरं गोणपाटात बांधून मध्ये ठेवली होती आणि दोघी दोन बाजूंना बसल्या होत्या. पारोळ्याचा किल्ला दिसला तशी वच्छलाबाई तिच्याकडे वळली.

"राग धरू नको, बाई. पंगत खोळंबी जाती."

"धरेल नही. खापर आते तुनं बी शे, मनं बी शे. पन तू बी चप्पल लई ले."

"मनं नख चांगलं शे."

"मनं बी व्हतं."

वच्छलाबाईनं पाय साडीत ओढून घेतले. चपला तिनं घेतल्या नाहीत. ती आजही उघड्या पायांनी बसते, आणि जुन्या वळणाची घरं तिलाच बोलावतात.

ताईबाईची काही घरं गेली. फोनवर ती आधीच सांगते, की चप्पल घालून बसेन, चूल पूजायची असली तर दुसरी घाला. काही जण हसतात आणि हो म्हणतात. काही जण विचार करून कळवतो म्हणतात, आणि कळवत नाहीत. पारोळ्यातल्याच एका घरचा फोन आला तेव्हा जीवराम शेजारी बसून ऐकत होता. पलीकडची बाई समजुतीच्या सुरात बोलत होती, की मागे दुखणं होतं तोवर ठीक होतं.

"आते नख येई गयं ना तुनं?"

"येई गयं," ताईबाई म्हणाली. "म्हनीसन तं घालस."