सोमवारचा खोकला

कुठेही शिरण्याआधी आबा दारात थांबायचे, नाक वर करून दोनदा हुंगायचे आणि म्हणायचे, "काहीतरी शे," म्हणजे इथे काहीतरी आहे. मग ते देऊळ असो, दवाखाना असो की चहाची टपरी. संशयी माणसं तुम्हीही पाहिली असतील, पण नाकाने संशय घेणारा मला हा एकच भेटला.

शहाद्याजवळच्या एका गिनिंगमध्ये, म्हणजे कापसातून सरकी वेगळी काढण्याच्या कारखान्यात, मी सुपरवायझर आहे. आबा तिथे मशीनमध्ये कापूस लोटायचे. मंगळवार ते शनिवार माणूस ठणठणीत. रविवारी गिनिंगला सुट्टी. सोमवारी दुपारी मात्र छाती आवळून यायची, खोकला थांबायचा नाही आणि आबा भिंतीला टेकून उभे राहायचे.

आता सुट्टीच्या दुसऱ्या दिवशी माणूस असा ढेपाळला तर तुम्ही काय समजाल? मीही तेच समजलो. एका सोमवारी सगळ्यांदेखत मी त्यांना तोंड उघडायला लावलं आणि वास घेतला. कांद्याचा आला, दारूचा नाही. तरी मनात म्हटलं, बडीशेप चघळून आले असतील.

आबा रागावले नाहीत. "मी पेत नही, भाऊ. पन घरमा काहीतरी शे," एवढंच म्हणाले. संशयाच्या बाबतीत आम्ही दोघं एकाच पंगतीतले.

मग त्यांनी घराची झडती सुरू केली. आधी कोंबड्या गेल्या, मग शेळी. गोधड्या वाटून टाकल्या. चुलीच्या जागी गॅस आला. अंगणातला कडुनिंब, ज्याच्या सावलीत अर्धी गल्ली बसायची, तोही तोडला. शेवटी पाळी आली आबांच्या बायकोच्या, म्हणजे काकूंच्या, फोडणीची. आमच्या खानदेशात मिरचीच्या ठसक्याशिवाय वरण म्हणजे आजाऱ्याचं जेवण, पण काकूंनी ते निमूट रांधलं. करोनाच्या दिवसांत मिळालेला मास्क आबा घरी लावून बसत आणि गिनिंगच्या फाटकात आले की काढून खिशात घालत. आत धूळ एवढी की संध्याकाळी सगळ्यांच्या भुवया पांढऱ्या. मी म्हटलं, आबा, मास्क इथे लावा. ते हसले.

"कापूस कोनं वाईट करस? तो ते लक्ष्मी शे."

तरी सोमवार काही चुकेना. तेव्हा आबांनी घरच सोडलं. रविवारच्या साफसफाईला मीच थांबतो, झोपायलाही इथेच राहतो, म्हणाले. मला माणूस हवाच होता. आणि काय सांगू, सोमवारचा खोकला खरंच उतरला. "दख भाऊ, घरमाच व्हतं," असं त्यांनी मला चार वेळा तरी ऐकवलं असेल, आणि मीही मान डोलावली.

दोन हंगाम काकू फाटकाशी डबा घेऊन येत होत्या. आबा डबा उघडून आधी हुंगायचे. तेवढा वेळ काकू जमिनीकडे बघत उभ्या राहायच्या. मला तेव्हा त्याची गंमत वाटायची.

मग धाप रोजचीच झाली. वार उरला नाही. मी त्यांना सरकारी दवाखान्यात नेलं. तिथल्या तरुण डॉक्टरबाईंनी दारूचं विचारलंच नाही. काम काय करता, सुट्टी घेता का आणि त्रास सुरुवातीला कोणत्या वारी व्हायचा, एवढं विचारलं. म्हणाल्या, "घरात काही नाही, आबा. कापसाची धूळ आहे ही. सुट्टीत छाती मोकळी व्हायची आणि सोमवारी धूळ आत गेली की पुन्हा आवळायची. तुम्ही सुट्टीच सोडलीत, तेवढी मोकळीकही गेली."

बाहेर आल्यावर आबांनी औषधाची चिठ्ठी हुंगली. या बाईने कधी गिनिंग पाहिलेलं नाही, असं काहीतरी पुटपुटले आणि माझ्याकडे बघत राहिले. मी बोललो असतो तर त्यांनी ऐकलं असतं. मला तर तिथेच पटलं होतं. सोमवारी आमच्याकडे निम्मे लोक खोकतात, मीही खोकतो. पण हंगाम ऐन भरात होता, माणसं मिळत नव्हती. मी म्हणालो, "बघू." त्या शब्दाची मला आजही लाज वाटते.

गेल्या उन्हाळ्यात आबा गेले. दहाव्यानंतर मी घरी गेलो. अंगणात कडुनिंबाचा बुंधा तेवढा होता. काकूंनी पाणी दिलं, मग विचारलं, "भाऊ, तुमना आबा म्हनेत घरमा काहीतरी शे. मी समदं काढी टाकं. मन्हा हातमाच काही व्हतं का?"

आबांनी त्यांना डॉक्टरबाईंचं काहीच सांगितलं नव्हतं. मी सांगितलं. कापसाचं सांगितलं, आणि माझ्या 'बघू'चंही. त्यांनी मला बोल लावला नाही. त्याने मला जास्तच लागलं. बराच वेळ त्या बुंध्याकडे बघत होत्या. मग उठल्या, जेवून जा म्हणाल्या, आणि आत जाऊन तापल्या तेलात मूठभर लाल मिरच्या टाकल्या.

ठसका घरभर पसरला. आम्ही दोघंही खोकलो, डोळे पुसले. काकूंनी खिडकी उघडली नाही.